देलात्रचा चमचा

आशिल वानेकने अडतीस वर्षं रुबेच्या एका थिएटरात लोकांना सिनेमे दाखवले आणि स्वतः मात्र बहुतेक सगळे मुक्याने पाहिले. प्रोजेक्टरच्या खोलीत यंत्राची घरघर एवढी, की पडद्यावरचे लोक काय बोलतात ते खाली तिकीट काढून बसलेल्यांना कळायचं. वर पोस्टकार्डाएवढ्या काचेतून बघणाऱ्याला नाही. म्हणून तो तोंडांकडे बघतच नसे. हातांकडे बघायचा. कोण पाव कसा मोडतो, पेला कुठे धरतो, खिशात हात घालताना कुणाचा कुठला खांदा वर जातो. चौदाव्या वर्षी शाळा सोडून लोकरीच्या गिरणीत गेलेल्या माणसाला दुसरं कुठलं शिक्षण मिळणार होतं? हे मिळालं, ते त्याने मन लावून घेतलं.

निवृत्त झाल्यावर त्याने एक उद्योग काढला. सिनेमात जे जेवण डोळ्यांत भरलं, ते जिथे चित्रित झालं त्या गावी जाऊन खायचं. म्हाताऱ्यांना रेल्वेत सवलत असते ती घ्यायची, पाठीवर पिशवी टाकायची, खिशात आपली सुरी आणि एक जाड वही. वहीत दोन रकाने: डावीकडे सिनेमा, उजवीकडे पदार्थ. आतड्यांच्या रश्श्यासाठी तो काँ शहरापर्यंत उभ्याने गेला होता. मार्सेयच्या बंदरावर माशांच्या सूपवरून एका वेटरशी भांडला होता, कारण सिनेमात पाव आधी लसणाने घासतात आणि त्या वेटरने कोराच पाव आणून आपटला. ज्युराच्या डोंगरात वितळलेलं चीज खाल्लं, ल्योंमध्ये मसुरीबरोबर सॉसेज खाल्लं. एकतीस सिनेमे, एकतीस जेवणं. एकदाही तोंड वाकडं करून परतला नाही. पडद्यावर होतं तसं काही नसायचं, पण पडद्यावरचं कधी पोटात गेलंय का कुणाच्या?

बायको एलिआन बरोबर येत नसे. "तू जा सिनेमातलं जेवायला," ती म्हणायची. "माझं इथे गार होतंय, त्यावर कुणी सिनेमा काढत नाही ना!"

बत्तिसावं जेवण त्याने मुद्दाम मागे ठेवलं होतं. ते नुसतं जेवण नव्हतं. तो दावा होता.

सिनेमाचं नाव 'शेवटचं जळण'. पेरिगोरमधल्या वेर्जाक गावी चौसष्टच्या शरदात चित्रित झालेला. एका शेतकऱ्याची बायको मेलेली आहे. तो एकटा टेबलाशी बसून लसणाचं सूप पितो, तळाशी थोडं उरलं की त्यात लाल वाइन ओततो, चमचा बाहेर काढतो, पुसतो, उजव्या हाताला रिकाम्या जागेसमोर ठेवतो आणि खोलगट ताटली दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावतो. झालं. दीड मिनिटाचा प्रसंग. शेतकरी झाला होता ओमेर देलात्र. तो सिनेमा पाहणारा जो तो त्याच्या चेहऱ्यावर बोलला. चेहरा खरंच भारी होता, ओल्या भिंतीसारखा. पण आशिलने काचेतून पाहिला तो चमचा. कुणासमोर ठेवला? बायकोसमोर. तिची जागा मांडली. म्हणजे वाइन याची आणि चमचा तिचा. आता दोघांनी एका ताटलीत जेवायचं नाही.

एकोणऐंशी साली तो सिनेमा पुन्हा लागला, तेव्हा आशिलने हे सगळं चार पानांत लिहून पॅरिसच्या एका सिनेमाच्या मासिकाला पाठवलं. खाली कार्बन कागद घालून लिहिलं, गिरणीतली सवय. उत्तर आलं नाही. आठ महिन्यांनी मासिकात लेख आला, 'रिकामा चमचा'. लेखक एमरी वालब्रे. चमचा तोच, बायको तीच, "एका ताटलीत जेवायचं नाही" हे वाक्यसुद्धा तेच, फक्त त्याला सूट-टाय चढवलेला. लेखाचं पुढे पुस्तक झालं, पुस्तकावर वालब्रे प्राध्यापक झाला, टीव्हीवर दिसायला लागला. शिकलेल्यांची एक खोड असते. न शिकलेल्याचं पत्र आलं की त्यांना आधी शुद्धलेखनाच्या चुका दिसतात, मग त्यातली कल्पना दिसते आणि मग पत्र दिसेनासं होतं. मुंग्यांनी वारूळ बांधायचं आणि आयत्या बिळावर नागोबा. आशिलने मासिकाला पाच पत्रं लिहिली. पाचही वेळा काही नाही. तेव्हापासून वीस वर्षं ती कार्बनची निळी चार पानं त्याच्या चांगल्या कोटाच्या आतल्या खिशात होती. लग्नाला गेला तरी, मयताला गेला तरी.

आणि आता नव्व्याण्णवच्या ऑक्टोबरात वेर्जाकच्या सिनेमा क्लबने आपल्या गावचा तो सिनेमा गावातच दाखवायचं ठरवलं होतं. रविवारी दुपारी चारला, नंतर मेस्यू वालब्रे यांचं व्याख्यान, नंतर सगळ्यांना सूप. जाहिरात पाहिल्या दिवशी आशिलने तिकीट काढलं.

"काय करणार आहेस तिथे?" एलिआनने विचारलं.

"उभा राहणार. पत्र वाचणार. सगळ्यांसमोर."

"मारामारी करू नकोस. तुझे दात आता खालचेच खरे आहेत."

रविवारी साडेबाराला तो वेर्जाकला चर्चसमोरच्या खाणावळीत शिरला. सहा टेबलं. खाद्यपदार्थांची यादी नाही, नोएमी जे शिजवील ते. नोएमी ऐंशीला टेकलेली, कमरेला निळा एप्रन, आणि उभ्या उभ्या माणूस तोलणारी नजर.

"एकटे आहात ना मेस्यू? मग ओदिलोंच्या टेबलाशी बसा. एकट्याला टेबल देऊन मी काय करू, शोभेला?"

ओदिलों अक्रोडाचा शेतकरी. हंगाम चालू होता, त्याची बोटं अक्रोडाच्या सालींनी मनगटापर्यंत काळी झालेली. त्याने काळा हात पुढे केला, आशिलने हलवला.

"कुठले तुम्ही?"

"रुबे. बेल्जियमच्या सीमेजवळ."

"अरेरे," ओदिलों मनापासून म्हणाला आणि पेल्यात वाइन ओतली. "खरंय का हो ते, की तुम्ही लोक सकाळी कॉफीत चीज बुडवता?"

"मारवाल चीज. पावाला लावून बुडवायचं."

"वास मारतं ते?"

"मारतंच. म्हणून तर बुडवायचं."

"नोएमी!" ओदिलों ओरडला. "ऐकलंस? खरंय म्हणे!"

"देव बघतोय वरून," नोएमी आतून म्हणाली आणि सूप घेऊन आली.

लसणाचं सूप. हंसाच्या चरबीत परतलेला लसूण, वर अंड्याचे पांढरे धागे, शेवटी व्हिनेगरचा हलका झटका, आणि तळाला कालच्या पावाचे जाड काप, फुगून मऊ झालेले. आशिलने पहिला चमचा घेतला आणि डोळे मिटले. पस्तीस वर्षं जे त्याने नुसतं पाहिलं होतं त्याला आज वास आला. सूप चेहऱ्यावर वाफ सोडत होतं. हा वास पडद्यावर नव्हता, त्या वालब्रेच्या पुस्तकात तर नव्हताच नव्हता. रविवारची दुपार, भिंतीवर ऊन, बाहेर कुणीतरी अक्रोडाची पोती ओढतंय. पत्र खिशात, शत्रू चार वाजता. आणखी काय हवं असतं माणसाला?

पाव खाऊन झाला. तळाशी चार चमचे रस उरला. आता तो क्षण. आशिलने बाटली घेतली, ताटलीत वाइन ओतली, चमचा बाहेर काढला, रुमालाने पुसला, उजव्या हाताला रिकाम्या खुर्चीसमोर ठेवला, ताटली दोन्ही हातांनी उचलली आणि पिऊ लागला.

अख्ख्या खाणावळीतले चमचे थांबले. सहाच्या सहा टेबलं. मग मागच्या कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "देलात्र!" आणि जो हशा उसळला, त्याने खिडकीतलं मांजर उठून गेलं.

ओदिलों टेबलावर हात आपटून हसत होता. "देलात्र केलंत तुम्ही, मेस्यू! अगदी नमुनेदार देलात्र!"

आशिलने ताटली खाली ठेवली. "म्हणजे?"

"म्हणजे घोटाळा. उलटं काम. आमच्याकडे म्हणतात तसं. मागच्या वर्षी मी ट्रॅक्टर नाल्यात घातला, सगळं गाव म्हणालं, ओदिलोंने देलात्र केलं. पाद्र्याने लग्नात नवरीचं नाव चुकवलं: देलात्र केलं."

"पण देलात्र तर नट. ओमेर देलात्र."

"तोच तो. त्याच्यावरूनच. अहो, शाब्रोलला, म्हणजे सुपाच्या तळात वाइन ओतून पिताना, चमचा बाहेर काढतात का कधी? चमचा आतच ठेवायचा, पालथा, आणि त्याची पाठ बुडेपर्यंत वाइन ओतायची. नाहीतर कळणार कसं किती ओतायची ते? लहान मुलांना ठाऊक असतं हे. आणि त्या सिनेमात आमच्या वेर्जाकचा शेतकरी म्हणून दाखवलेला माणूस चमचा काढून पुसतो! पुसतो, मेस्यू! पस्तीस वर्षं लाज वाहतोय आम्ही."

आशिलच्या कानांत प्रोजेक्टरची घरघर सुरू झाली. "तो चमचा," तो सावकाश म्हणाला, "त्याने मेलेल्या बायकोसाठी ठेवला होता. तिच्या जागेवर."

आता नोएमी पुढे आली. हात एप्रनला पुसत खुर्ची ओढून बसली.

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी नाही. मी पाहिलं."

"मी तिथे होते. ते सूप माझं आहे. सात दिवस रोज चार भांडी शिजवलं. देलात्र भला माणूस, पण तुमच्याकडचा. उत्तरेचा. शाब्रोल म्हणजे काय हेच माहीत नव्हतं त्याला. मी सांगितलं, चमचा आत, पालथा, वाइन वर, आणि पी. पहिल्यांदा त्याने बरोबर केलं. ताटली उचलली, कलती केली, चमचा घसरला आणि खाड्कन पुढच्या दातावर. वाइन सगळी शर्टावर. आणि शर्ट एकच होता त्या गरीब सिनेमावाल्यांकडे. मी धुतला, चुलीवर वाळत घातला, अर्धा दिवस गेला. दुसऱ्यांदा देलात्र म्हणाला, मी तो चमचा आत ठेवणार नाही, माझे दात भाड्याचे नाहीत. काढला, ठेवला बाजूला. उजवीकडे ठेवला, कारण तो उजव्या हाताचा होता."

"आणि पुसला का?"

"टेबलक्लॉथ माझ्या आईचा होता. डाग पाडलास तर बघ, म्हटलं होतं मी."

पुढे बदकाची तंगडी आली, हंसाच्या चरबीत खरपूस तळलेले बटाटे आले, बकरीचं छोटं चीज आलं. आशिलने सगळं खाल्लं, आणि खोटं कशाला सांगा, चवीने खाल्लं. दुःख झालं म्हणून बटाटे टाकून देणारा माणूस कधी भुकेला राहिलेला नसतो. पण खिशातली चार पानं छातीवर चटका देत होती.

जेवून तो नदीकाठी गेला. अक्रोडाच्या झाडाखाली बाक होता, त्यावर बसला. पानं काढली. 'चमचा तिचा आहे', निळ्या अक्षरांत. वीस वर्षं! चोरीला गेलं गेलं म्हणून वीस वर्षं बोंब मारली ते सोनं नव्हतंच, कथील होतं. चोराच्या हातीही कथील आणि धन्याच्या खिशातही. आता चार वाजता उभं राहून काय सांगायचं? की हा गाढवपणा या गृहस्थाने माझ्याकडून चोरला? त्यापेक्षा पाचची गाडी धरावी. पानं नदीत सोडावीत. एलिआनला सांगावं, वालब्रे आलाच नाही.

त्याने पहिलं पान फाडायला दोन्ही हातांत धरलंसुद्धा.

"नदीत कागद टाकायचे नाहीत हं. ट्राउट खातात आणि मरतात," मागून नोएमी म्हणाली. तिच्या हातात टोपली होती, पडलेले अक्रोड वेचायला आली होती. ऐंशीव्या वर्षी कमरेत वाकून. आशिल उठला आणि तिच्याबरोबर वेचायला लागला. वेचता वेचता त्याने सगळं सांगितलं: काच, घरघर, पत्र, वालब्रे, पुस्तक, टीव्ही. ती ऐकता ऐकता वेचत राहिली. टोपली भरली तेव्हा कंबर धरून उभी राहिली.

"पोरा," ती म्हणाली. सदुसष्ट वर्षांच्या आशिलला पोरा म्हणणारं आता कुणी उरलं नव्हतं. "त्या सिनेमाबद्दल माझ्याशी बोलायला पॅरिसहून वीस माणसं तरी आली असतील. सगळे देलात्रच्या तोंडाबद्दल बोलतात. चमच्याकडे कोण बघतं? आम्ही बघतो, कारण आम्हाला राग येतो. आणि तू. साऱ्या फ्रान्सात वेर्जाक गाव आणि तू. तुला दिसलं ना, की चमचा तिथे असायला नको होता?"

"दिसलं."

"मग तुझे डोळे शाबूत आहेत. अर्थ चुकला. अर्थ काय, माझा केक पण कधी कधी बसतो. मी तो फेकत नाही. दुधात बुडवून खाते."

आशिलने पानांची घडी घातली. बोटं काळी झाली होती, निळ्या अक्षरांवर काळा ठसा उठला. त्याने पानं परत खिशात ठेवली. काय करणार आहे हे त्याला अजून माहीत नव्हतं. पण पाचची गाडी धरायची नाही एवढं ठरलं.

चार वाजता गावाच्या सभागृहात दीडशे माणसं. प्रोजेक्टर जुना, आणलेला कुठूनतरी, हॉलमध्येच उघड्यावर मांडलेला. त्याची घरघर ऐकून आशिलला आपल्या घरी आल्यासारखं वाटलं. पडद्यावर देलात्र टेबलाशी बसला, त्याने वाइन ओतली, आणि अख्ख्या हॉलने एका आवाजात ओरडून सांगितलं: "चमचा आत!" देलात्रने ऐकलं नाही. काढला, पुसला. "हू!" लोक खुर्च्या बडवायला लागले. पस्तीस वर्षांचा राग, पण इतका प्रेमाने मुरलेला, की आता त्याचा मुरंबा झाला होता. आशिलसुद्धा हसला. आणि हसता हसता पाहिलं तर देलात्रचा चेहरा अजून तसाच होता, ओल्या भिंतीसारखा. दात दुखत असेल बिचाऱ्याचा.

पहिल्या रांगेत एक माणूस मात्र मान वळवून चिडून बघत होता. रेशमी स्कार्फ, पांढरी दाट झुलपं. वालब्रे.

दिवे लागले. क्लबची अध्यक्ष म्हणजे गावची औषधवाली मादाम लाबोरी. तिने ओळख करून दिली, वालब्रे उभा राहिला आणि बोलू लागला. छान बोलत होता, ते कबूल करायला हवं. "मित्रहो, तुम्ही हसलात. मरणासमोर माणूस हसतोच. पण हा चमचा," इथे त्याने हात उजवीकडे नेला, "हा चमचा तिचा आहे. आता दोघांनी एका ताटलीत जेवायचं नाही..."

हॉलमध्ये कुणीतरी खुदकन हसलं.

"आणि पुढच्याच दृश्यात तो बनियनवर आहे. का? शोकाने माणसाचं वस्त्र गळून पडतं. तो आता उघडा आहे, नियतीपुढे उघडा."

"शर्ट वाळत होता!" नोएमी जागेवरून म्हणाली.

"माफ करा, मादाम?"

"माझ्या चुलीवर. वाळेपर्यंत पुढचं दृश्य बनियनवरच उरकलं." आणि तिने सगळं सांगितलं, दात, वाइन, आईचा टेबलक्लॉथ. बसल्या बसल्या, आवाज न चढवता. हॉल पोट धरून हसत होता. वालब्रेच्या कानांचे शेंडे लाल झाले.

"हे... हे अत्यंत रोचक आहे," तो म्हणाला. "पण कलाकृतीत अपघात नसतात. नटाच्या अजाणतेपणातूनसुद्धा अर्थ बोलत असतो."

"म्हणजे माझा ट्रॅक्टर नाल्यात गेला तोसुद्धा अर्थ होता?" ओदिलोंने विचारलं. "माझ्या बायकोला जरा समजावून सांगाल का?"

आता हशा आवरेना. मादाम लाबोरीने टाळी वाजवली, पण तीही ओठ चावत होती. "मेस्यू वालब्रे," ती म्हणाली, "रागावू नका, पण चमचा म्हणजे बायको, ही कल्पना तुम्हाला सुचली तरी कशी?"

आशिल उठला. तोंड उघडणार एवढ्यात वालब्रे घाईघाईने म्हणाला, "खरं सांगायचं तर ती कल्पना मूळ माझी नव्हे."

तो आता एकट्या मादाम लाबोरीकडे बघत बोलत होता.

"एका वाचकाचं पत्र आलं होतं. फार वर्षांपूर्वी. उत्तरेकडचा कुणी यंत्रावर काम करणारा... भाबडा, भावनाप्रधान माणूस. मी फक्त त्याच्या म्हणण्याचा विस्तार केला. जबाबदारी, तसं पाहिलं तर, त्याची."

आशिल उभाच राहिला. वीस वर्षांत पाच पत्रांना जे मिळालं नव्हतं ते या माणसाने एका क्षणात देऊन टाकलं, हात भाजल्यावर पातेलं टाकावं तसं. माल सोन्याचा होता तोवर त्याचा, कथलाचा निघाल्याबरोबर गरिबाचा. आशिलला वाटलं होतं की या क्षणी तो ओरडेल. पण त्याला हसू यायला लागलं. ते पोटातून आलं, बदक आणि बटाटे जिथे होते तिथून.

"वानेक," तो म्हणाला. "आशिल वानेक. प्रोजेक्टर ऑपरेटर, रुबे. तो भाबडा मी."

दीडशे माना वळल्या. त्याने पानं काढली, काळा ठसा वर करून धरली. "तारीख एकोणऐंशी, मार्चची बारा. शेवटची ओळ वाचतो. 'आता दोघांनी एका ताटलीत जेवायचं नाही.' मेस्यूंनी फार विस्तार केला नाही, जसंच्या तसं ठेवलं, त्याबद्दल आभार. हे मी लिहिलं. चुकीचं लिहिलं. मला शाब्रोल माहीत नव्हता, आम्ही कॉफीत चीज बुडवणारे लोक. हे देलात्र माझं आहे, मेस्यू, तुम्ही ते वीस वर्षं विनाकारण वाहिलंत. चमचा माझा." त्याने कागद खाली घेतला. "बनियन मात्र तुमचं स्वतःचं."

आधी ओदिलोंने टाळी वाजवली. मग काय, छप्पर उडायची वेळ आली. मागून कुणी "व्हिव्ह देलात्र!" असा जयजयकार केला. वालब्रे स्कार्फ सारखा करत उभा राहिला. जायचं तर शेवटची गाडी निघून गेली होती आणि त्याला मोटारीने सोडायचं काम ओदिलोंकडे दिलं होतं, तो काही सूप सोडून उठणार नव्हता.

लांब टेबलं मांडली. नोएमीचं सूप पुन्हा आलं, दोन बायका दोन्ही कान धरून उचलून आणतील एवढ्या पातेल्यात. आशिलला मादाम लाबोरीने मुद्दाम मधल्या खुर्चीवर बसवलं, आणि नोएमीने कसलाही विचार न करता वालब्रेला त्याच्या शेजारी ढकललं. "इथे बसा. जागा दुसरी नाही."

दोघं सूप पीत राहिले. पाव संपला. आशिलने चमचा पालथा घातला, त्याची पाठ बुडेपर्यंत वाइन ओतली. रंग चढत चढत सूप जांभळं झालं. ताटली उचलली, कलती केली, आणि चमचा खाड्कन त्याच्या खालच्या खऱ्या दातावर आला.

"अंगठा!" नोएमी टेबलापलीकडून ओरडली. "चमच्याची दांडी अंगठ्याने काठाला दाब! देलात्रलाही हेच सांगितलं होतं, ऐकतंय कोण!"

आशिलने अंगठा ठेवला. प्यायला. कोमट वाइन, लसूण, चरबी, व्हिनेगर, सगळं एकदम घशाखाली गेलं आणि त्याच्या अंगात ऊब पसरली. वीस वर्षं कोटाच्या आत जिथे कागद टोचत होता तिथेसुद्धा. त्याने वही काढली. डावीकडे 'शेवटचं जळण' लिहिलं, उजवीकडे 'लसणाचं सूप, दोनदा'. जरा थांबून खाली लिहिलं: 'चमचा आत. एलिआनला करून घालणे.'

मान वर केली तर शेजारी वालब्रे वाइन ओतत होता. ओतली. मग सवयीने, पुस्तकाच्या सवयीने, चमचा ताटलीतून बाहेर काढू लागला.

टेबलावरच्या सगळ्यांनी श्वास घेतला. तो शब्द आता दीडशे तोंडांत एकदम येणार होता.

आशिलने हात पुढे केला, वालब्रेच्या हातातला चमचा घेतला आणि परत ताटलीत पालथा घातला.

"अंगठ्याने दाबा, मेस्यू," तो म्हणाला. "आणि हे कुठे लिहिलंत, तर या वेळी नाव टाका. वानेक. आणि शुद्धलेखन तपासून."